फोटोतली साडी आणि प्रिंटरची शाई



मागचा लेख उन्हाळ्यातल्या वाळवणांवर होता. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, पण हसून झालं की वाचा. विषय आहे घरच्या प्रिंटरची शाई. घरी फोटो छापायचा तर कुठली शाई घ्यावी, कुठली टिकते, कुठली उडते. साठी उलटलेल्या बाईनं या भानगडीत का पडावं, ते आधी सांगते.

माझं माहेर आष्टी तालुक्यातलं, सासर बीडचं. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. धाकट्या बहिणीनं १९८४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी दीक्षा घेतली. आदल्या दिवशी वरघोडा निघाला. नवरीसारखी नटवून तिला बसवलं होतं. त्या दिवसाचा एकच रंगीत फोटो आमच्याकडे आहे. रोल धुवायला औरंगाबादला पाठवला होता, त्यातले बाकीचे फोटो काळे आले. दीक्षेनंतर त्यांनी कधीच फोटो काढू दिला नाही. बघा, लिहिताना सुद्धा दीक्षेपर्यंत ‘ती’ आणि दीक्षेनंतर ‘त्या’ असंच हातून येतं. माझ्यापेक्षा लहान असल्या तरी आता त्या महासतीजी आहेत, वंदना मीच करते.

आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. पूर्वी चातुर्मास जवळपास असला की दर्शनाला जाऊन यायची. आता तिला गाडीत बसवत नाही, आणि साध्वींचा विहार पायी, तोही गुरुणींच्या आज्ञेनं. आईला भेटायचं म्हणून त्या इकडे वळतील असं नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं ट्रंकेतला तो जुना फोटो स्कॅन केला, कॉम्प्युटरवर साफ केला आणि घरच्या प्रिंटरवर मोठा छापून आईच्या पलंगासमोर टांगला. आम्ही स्थानकवासी, फोटोला हार-कुंकू नाही. नुसता समोर असावा, एवढंच. आई सकाळची सामायिक झाली की त्याच्याकडे बघायची आणि मग चहाला यायची.

तीन वर्षं झाली असतील. एक दिवस आई म्हणाली, “अगं, हिचं तोंड कुठं गेलं?”

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आम्ही आधी डोळ्यांवरच ढकललं. मी माहेरी गेले तेव्हा चष्मा लावून जवळ जाऊन पाहिलं. आईचे डोळे बरोबर होते. चेहऱ्यावरची लाली उडाली होती, गाल हिरवट-पांढरे दिसत होते, साडी धुवून विटलेल्या पोतेऱ्यासारखी झाली होती. आणि ट्रंकेतला मूळ फोटो काढला, तर चाळीस वर्षांचा तो फोटो या तीन वर्षांच्या छापील फोटोपेक्षा बरा होता. मला वाईट वाटलं आणि रागही आला. भाचा बिचारा म्हणाला, “भुआ, बाजारातली भरायची शाई होती. सगळे तीच वापरतात.”

मी मराठवाडा विद्यापीठाची १९८१ सालची बी.कॉम. ती पदवी नंतर किराण्याच्या वहीतच खर्ची पडली, पण एक शब्द डोक्यात पक्का आहे: घसारा. दुकानातलं कपाट असो की मशीन, दर वर्षी त्याची किंमत थोडी-थोडी उतरते आणि ती हिशेबात धरावी लागते. फोटोलाही घसारा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग तो किती आणि कशानं, हे शोधायला लागले. मुलगा पुण्याला असतो, त्यानं वाचायला बरंच पाठवलं. जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगते.

प्रिंटरच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या. एक ‘डाय’ आणि दुसरी ‘पिगमेंट’.

डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. हळदीचा डाग आठवा. पिवळाधमक डाग पडलेलं कापड धुवून उन्हात टाकलं की संध्याकाळपर्यंत डाग अर्धा होतो. ऊन हळदीच्या रंगाचे कण मोडतं. विरघळलेल्या रंगाचा प्रत्येक कण एकटा असतो, त्याला आडोसा नसतो. प्रकाश आला की तो सरळ त्याच्यावर पडतो.

पिगमेंट म्हणजे न विरघळलेली, अतिशय बारीक पूड, पाण्यात तरंगत ठेवलेली. काजळ आठवा, गेरू आठवा. तुळईला लागलेली काजळी पन्नास वर्षांनी सुद्धा काळीच असते. प्रिंटरच्या पिगमेंट शाईतले कण इतके बारीक असतात की एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक कण. पण तेवढ्याशा कणातही रंगाचे पुष्कळ रेणू एकत्र दाटलेले असतात. वरचे झिजले तरी आतले शाबूत राहतात. म्हणून ही शाई टिकते.

मग सगळेच पिगमेंट का वापरत नाहीत? कारण डायचा फोटो चकचकीत कागदावर जास्त झळाळतो, मशीन स्वस्त असतं आणि शाई बारीक छिद्रांतून सहज वाहते. शाईच्या टाक्यांचे फोटो-प्रिंटर, जसे एप्सनचे एल ८०५ किंवा एल ८०५०, सहा रंगांचे आहेत आणि सहाही रंग डायचे. कॅननच्या जी ३००० सारख्या घरगुती मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि बाकी तीन रंग डायचे. म्हणजे मुलांच्या प्रोजेक्टवरची काळी अक्षरं राहतात आणि रंगीत चित्र उडतं, त्यामागचं कारण हे. संपूर्ण पिगमेंटचे फोटो-प्रिंटर वेगळे असतात: एप्सनचा एससी-पी ७००, कॅननचा प्रो-३००. त्यांत नऊ-दहा कार्ट्रिज असतात आणि किंमतही तशीच.

आता बाटलीवर आणि पाकिटावर जे लिहिलेलं असतं त्याबद्दल. ‘१०० वर्षं’, ‘२०० वर्षं’ असे आकडे दिसतात. कंपनीनं शंभर वर्षं थांबून तर पाहिलेलं नसतं! अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म यांनी या विषयावर आयुष्य घातलं, १९९३ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. त्यांच्याकडची पद्धत अशी, की फोटोवर खूप तीव्र प्रकाश टाकून थोड्या दिवसांत रंग किती उतरतो ते मोजायचं आणि त्यावरून घरातल्या साध्या उजेडाचा अंदाज बांधायचा. घरातला उजेड ते ४५० लक्स धरतात आणि दिवसाचे बारा तास. लक्स म्हणजे उजेडाचं माप.

इथे माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. ४५० गुणिले १२ म्हणजे दिवसाला ५,४०० लक्स-तास. आणि आपल्याकडचं भर दुपारचं थेट ऊन साधारण एक लाख लक्स. म्हणजे एक तास थेट ऊन पडलं, तर परीक्षेतले अठरा दिवस खर्च झाले. आईच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे आणि सकाळी तासभर तिरकं ऊन नेमकं त्या भिंतीवर येतं. तिरकं म्हणून अर्धंच धरा, तरी रोज नऊ दिवस. एका वर्षात नऊ वर्षं! ‘१०० वर्षं’ लिहिलेली शाई सुद्धा त्या भिंतीवर अकरा वर्षांत संपली असती. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून कळतं की आम्ही फोटो लावायला घरातली सगळ्यांत वाईट जागा निवडली होती.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यांत लपलेली असते. ‘अल्बममध्ये’, ‘काचेमागे’ आणि ‘उघडा’ असे तीन वेगळे आकडे असतात. सगळ्यांत मोठा आकडा अल्बमचा, म्हणजे अंधारातला. जाहिरातीत तोच ठळक छापतात. भिंतीवर लावायचा असेल तर अल्बमचा आकडा वाचून उपयोग नाही.

वाचून माझं समाधान होत नाही, म्हणून करून पाहिलं. एकच फोटो तीन शायांत छापून घेतला: बाजारातली भरायची शाई, कंपनीची मूळ डाय शाई, आणि मुलानं पुण्यात एका छायाचित्रकाराकडून छापून आणलेली पिगमेंटची प्रत. तिन्ही पट्ट्या अर्ध्या जाड काळ्या पुठ्ठ्यानं झाकल्या आणि महावीर जयंतीपासून गुरुपौर्णिमेपर्यंत आमच्या पश्चिमेच्या खिडकीत काचेमागे ठेवल्या. बीडचा वैशाख काय असतो, तो तुम्हाला सांगायला नको. ह्यांनी रोज विचारायचं, “झालं का तुमचं वाळवण?” पुठ्ठा काढला तेव्हा बाजारच्या शाईतला गुलाबी रंग जवळजवळ गेलेला, झाकलेला भाग आणि उघडा भाग एकाच फोटोचे वाटेनात. कंपनीची डाय शाई उतरली होती, पण शेजारी ठेवून बघितल्यावरच कळत होतं. पिगमेंटच्या पट्टीत मला रेघ सापडली नाही.

चौथी पट्टी मी सहज म्हणून, बाजारच्या शाईची, दिवाणखान्यात कुलरच्या झोताजवळ उघडी चिकटवली होती. तिथे ऊन कधीच येत नाही. तरी तीही फिकी झाली, आणि तिचा रंग वेगळा गेला: निळा उडाला आणि सगळं तांबूस झालं. याचं उत्तर हवेत आहे. हवेत ओझोन नावाचा वायू थोडा असतो, शेगडीच्या धुरातही काही वायू असतात. चकचकीत फोटो-कागदावर हल्ली शाई झटकन सुकावी म्हणून अतिसूक्ष्म छिद्रांचा थर असतो. त्याच छिद्रांतून हे वायू आत जातात आणि डायचा रंग खातात. कुलर बाहेरची हवा रात्रंदिवस त्यावर फेकतो. म्हणून उघडा फोटो स्वयंपाकघराजवळ आणि कुलरसमोर नको. साधी काच लावली तरी हा त्रास खूप कमी होतो.

हे सगळं चाललं असताना कार्तिकातली ज्ञानपंचमी आली आणि मला एक गोष्ट नव्यानं दिसली. टिकाऊ शाईची चिंता आपल्या घराण्यात नवी नाही. पाटण, जैसलमेर, आपल्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा इथल्या ज्ञानभांडारांत कित्येक शतकांच्या पोथ्या आहेत. काळी मशी कशाची करत? दिव्याचं काजळ, डिंक आणि बोळ घोटून. म्हणजे ती पिगमेंटच. आजच्या पिगमेंट प्रिंटरमधली काळी शाईसुद्धा काजळीचीच, म्हणजे कार्बनची. सहा-सातशे वर्षं झाली तरी ती अक्षरं वाचता येतात. आणि ज्यांच्या विचारातून आपली स्थानकवासी परंपरा आली ते लोंकाशाह पंधराव्या शतकात अहमदाबादला पोथ्या उतरवून काढायचं काम करत, असं आपण लहानपणापासून ऐकतो. उतरवता उतरवता त्यांनी आगम वाचले. शाई आणि नक्कल या दोन गोष्टी आपल्याला परक्या नाहीत.

पोथ्या टिकल्या त्या नुसत्या शाईनं मात्र नाही. त्या कापडात बांधून, पेटीत, अंधारात ठेवल्या. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी ठेवली. वर्षातून एकदा उघडून, पुसून, पुन्हा बांधल्या. आणि जीर्ण होण्याआधी नवी प्रत लिहून घेतली. घरच्या फोटोंना मी आता तेच नियम लावते. वेखंड तर आपल्या घरात बाळाच्या घुटीसाठी असतंच.

आता तुमच्यातल्या काहीजणी जो प्रश्न विचारतील, तो मलाही पडला. यात हिंसा कुठे आहे?

मैत्रिणींनो, हे वाचून मला दोन दिवस बरं वाटलं नव्हतं. जुने स्टुडिओतले फोटो आणि कॅमेऱ्याचे रोल यांच्यावर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं. चॉकलेटचं पाकीट उलटं करून वाचणाऱ्या आपण, औषधाची कॅप्सूल उघडून पूड घेणाऱ्या आपण, आणि कपाटात अल्बमच्या अल्बम! जे झालं ते झालं, नकळत झालं. त्याचं प्रतिक्रमण रोज आहेच. जुने फोटो फेकून ती हिंसा काही परत येणार नाही. पण पुढचं आपल्या हातात आहे. इंकजेटच्या काही जुन्या पद्धतीच्या कागदांवरही जिलेटिनचा थर असे. हल्लीच्या सूक्ष्म छिद्रांच्या कागदांत खनिजाची, म्हणजे सिलिका किंवा अॅल्युमिनाची, बारीक पूड असते आणि ती बहुधा कृत्रिम डिंकानं बसवलेली असते. काही कागदवाले प्राणिजन्य घटक नाहीत असं स्पष्ट लिहितात. मी तसं लिहिलेलाच घेते. दोन विक्रेत्यांना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही; त्यांचा कागद मी घेतला नाही. संपूर्ण निर्दोष वस्तू संसारात मिळत नाही, पण जेवढं कळलं तेवढी जयणा पाळावी.

दुसरी जयणा पावसाळ्यातली. जुन्या अल्बमवर पांढरे ठिपके येतात, ती फूलण. आली की पुसताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, कारण पुसलं की जीव मरतात. तेव्हा ती येऊच नये, अशी व्यवस्था उन्हाळा संपायच्या आत करायची. अल्बम कोरड्या दिवशी उघडून वारा द्यायचा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवायचे नाहीत. डांबराच्या गोळ्या नकोत. आणि ते जुने चिकट पानांचे अल्बम, ज्यांवर प्लॅस्टिकचा कागद चिकटतो, त्यांतून फोटो निघत असतील तर हळूच काढून घ्या.

एकदा कागजीपुऱ्याचा हातकागदही आणून पाहिला. दौलताबादहून खुलदाबादकडे जाताना हे गाव लागतं, पिढ्यान्‌पिढ्या तिथे हातानं कागद करतात. पत्रिकेसाठी देखणा, पण फोटो छापला तर शाई टिपकागदासारखी पसरली. फोटोच्या बारीक रेघांसाठी कागदावर शाई धरून ठेवणारा थर लागतोच.

आता हिशेब. माझ्या वहीप्रमाणे ए-४ आकाराच्या एका प्रतीला कागद धरून बाजारच्या शाईचा खर्च १२ रुपये आला, कंपनीच्या डायचा २५ आणि पिगमेंटचा १६०. बाजारच्या शाईचा फोटो तीन वर्षं टिकला, म्हणजे वर्षाला चार रुपये. पिगमेंटचा चाळीस वर्षं धरला, तरी वर्षाला चारच रुपये. घसाऱ्याच्या हिशेबानं दोन्ही सारखेच! ह्यांनी लगेच टोमणा मारला. पण स्वस्त शाई घ्यायची तर दर तीन वर्षांनी आठवणीनं नवी प्रत काढणारं माणूस घरात लागतं. आईच्या भिंतीवरचा फोटो उडला, तेव्हा तसं कोणी नव्हतं. आईला सांगावं लागलं.

मशीन विकत घ्यायचं म्हटलं तर पिगमेंटची मोठी अडचण अशी, की ते रोजच्या वापराचं नाही. पडून राहिलं की बारीक छिद्रांत शाई वाळते. आपल्याकडे मे महिन्यात तर लवकर वाळते. मग साफ करायलाच निम्मी शाई जाते. एका घरात आठवड्याला एक फोटो छापण्याइतकं काय असणार? आणि महिन्यातून चारदा लागणाऱ्या वस्तूचा परिग्रह कशाला वाढवायचा? मंडळात बोलता बोलता मार्ग निघाला. आम्ही पाच घरांनी मिळून एक वापरलेलं पिगमेंट मशीन पुण्याहून आणलं. ते आमच्या घरी आहे, शाईचा खर्च ज्याच्या-त्याच्या प्रतीप्रमाणे वहीत मांडते. पाच घरांचे जुने फोटो आहेत म्हणून दर आठवड्याला काही ना काही छापलं जातं आणि छिद्रं वाळत नाहीत. कोणाच्या सासूबाईंच्या वर्षीतपाचं पारणं, कोणाच्या आजोबांचं कडा गावातलं दुकान. फोटो छापायला आलेल्या बायका दोन-दोन तास बसतात, मशीनपेक्षा गोष्टीच जास्त चालतात.

मशीन आल्यावर पहिला फोटो अर्थात आईचा. भाच्यानं फाईल पाठवली. मॅट कागद, अठरा तास सुकवला, काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची पट्टी, सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. मी घेऊन माहेरी गेले. आईच्या हातात दिला. चेहरा स्पष्ट, डोळ्यांतलं पाणी सुद्धा दिसत होतं. आईनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “तोंड तिचं आहे. साडी तिची नाही.”

आम्ही सगळे म्हणालो, “आई, केशरीच तर साडी होती.” फोटोत चाळीस वर्षं ती केशरीच दिसत आली होती. आई म्हणाली, “केशरी कुठली? हळदीची होती. नगरहून मीच आणली.”

भाऊ म्हणाला, वयामुळे होतं. मला मात्र राहवेना. ट्रंक पुन्हा उघडली. तळाशी जुन्या उपरण्यात गुंडाळलेला एक तुकडा सापडला, त्याच साडीचा ब्लाउज पीस. न शिवलेला. दीक्षेनंतर साडी कोणाला तरी देऊन टाकली, तुकडा तेवढा राहिला. चाळीस वर्षं अंधारात होता. पिवळाधमक, ताज्या हळदीसारखा.

झालं होतं असं, की त्या काळातल्या रंगीत फोटोंतला निळा थर ट्रंकेतल्या अंधारातसुद्धा हळूहळू उतरतो. मग सगळा फोटो तांबडा होत जातो आणि पिवळा केशरी दिसायला लागतो. दीक्षा म्हणजे केशरी, असं आमच्याही मनात बसलं. भाच्यानं कॉम्प्युटरवर दुरुस्ती केली तीही केशरी धरूनच. आणि मी तो चुकीचा रंग सगळ्यांत टिकाऊ शाईनं, पुढच्या पिढ्यांसाठी पक्का करून आणला होता. आईनं त्या दिवशी काही म्हटलं नसतं, किंवा आणखी दोन वर्षांनी हे केलं असतं, तर घरात कोणालाच कळलं नसतं.

म्हणून मैत्रिणींनो, शाईच्या आधीचं काम सांगते. ज्यांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला ती माणसं आहेत तोवर जुने फोटो त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा. हा कोण, हे कुठलं, साडी कुठल्या रंगाची. मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा; पेनाची शाई पलीकडे उमटते.

ब्लाउज पीस शेजारी ठेवून भाच्यानं रंग पुन्हा जुळवला. तीन प्रती वाया गेल्या, ४८० रुपये. वहीत ‘शिकवणी’ म्हणून मांडले. चौथी आईनं पसंत केली. आता फोटो पश्चिमेच्या भिंतीवरून काढून दाराशेजारच्या भिंतीवर लावलाय, तिथे ऊन येत नाही. आईचा पलंगही थोडा फिरवला.

तुमच्यासाठी थोडक्यात. भिंतीवर लावायचा आणि टिकावा असं वाटतं तो फोटो पिगमेंट शाईत, निदान एकदा, बाहेरून का होईना, छापून घ्या. अल्बमसाठी कंपनीची मूळ डाय शाई पुरते, बाजारची नको. डायच्या मशीनमध्ये पिगमेंट शाई ओतू नका, मशीन बिघडेल. प्रिंटरमध्ये जो कागद घातलाय तोच प्रकार कॉम्प्युटरवर निवडा, नाहीतर चांगली शाईही घाण छापते. छापल्यावर निदान एक दिवस मोकळा सुकू द्या, मगच काच लावा. मी घाई केली आणि पहिल्या फ्रेमच्या काचेवर आतून धुकं आलं. कागद फार पांढराशुभ्र असेल तर त्यात चमक आणणारी रसायनं असतात, त्यांचा असर कालांतरानं उतरतो आणि कागद पिवळसर दिसायला लागतो. थोडा दुधाळ कागद बरा. आणि स्कॅन केलेली फाईल दोन ठिकाणी ठेवा. छापील प्रत गेली तर नवी काढता येते, फाईल गेली तर काय काढणार?

या चातुर्मासात मला महासतीजींच्या दर्शनाला जायला मिळालं. वंदना केली, सुखसाता विचारली, आणि न राहवून साडीची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं त्या म्हणतील, हा सगळा पुद्गलाचा खेळ, वर्ण बदलणारच, अनित्य भावना भावा. मीच मनात उत्तर तयार ठेवलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, “साडीचा रंग मला खरंच आठवत नाही.” मग थोडं थांबून विचारलं, “त्यांना आता नीट दिसतं ना?”

मी म्हटलं, दिसतं. मांगलिक ऐकून निघाले.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. तुमच्याकडे जुन्या फोटोंचं काय केलंत, ते जरूर कळवा.

जय जिनेंद्र!